बांधलेला ट्रे

मंगळवार, १४ मार्च. सकाळचं दूध नासलं. शिंप्याकडून उशांचे अभ्रे आणले. दोन आखूड निघाले, परत दिले. भाची साडेपाचला आली, चहा तसाच ठेवला. तिच्या मोठ्या बाई नोकरी सोडून चालल्या, एकतीस तारीख शेवटची. खिडकीची खिट्टी सैल झाली आहे. गॅस, नळ, कडी पाहिली.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या मदरनी आम्हा मुलींना दहाव्या वर्षी एकेक वही दिली आणि सांगितलं, "रोज संध्याकाळी पाच ओळी. जे घडलं ते लिहा. जे वाटलं ते देवाला सांगा, वहीला नको." बाकीच्या मुलींनी महिन्याभरात वह्यांच्या होड्या केल्या. मी अजून लिहिते. आता वय शहात्तर आहे, आणि वह्यांनी दोन ट्रंका भरल्या आहेत. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "हिला विचारा, एकोणीसशे अमुक साली आमटीत मीठ किती होतं." त्याला जाऊन अठरा वर्षं झाली. त्या दिवशीही मी पाच ओळी लिहिल्या होत्या.

वाटलेलं लिहायचं नाही हा नियम मी पाळला, म्हणून १४ मार्चच्या पानावर भाचीचा चेहरा नाही. तो इथे लिहिते.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. वहिनी लवकर गेली. सतरा वर्षांपूर्वी भाऊही गेला, आणि एकवीस वर्षांची ही पोर एक पेटी आणि टेबलावरचा एक दिवा घेऊन माझ्याकडे राहायला आली. लग्नाचं दोनदा निघालं. दोन्ही वेळा तिने इतका विचार केला की समोरच्यांनी वाट बघून दुसरीकडे जमवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी, एवढं आमचं घर. गॅलरीत एका वेळी एकीलाच उभं राहता येतं. ती उभी राहिली की मी आतून विचारते, "कोण चाललंय?" आणि ती मला रस्ता वाचून दाखवते.

ती इस्पितळात काम करते म्हटलं की लोक विचारतात, नर्स का? नाही. ती तळघरात काम करते. ऑपरेशनला वापरलेली हत्यारं, म्हणजे कात्र्या, चिमटे, पकडी, रक्ताने माखून तिथे येतात. तिथे ती धुतात, भिंगाखाली एकेक तपासतात, यादीप्रमाणे ट्रेमध्ये मांडतात, ट्रे दुहेरी कापडात बांधतात आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालतात. बांधलेल्या ट्रेवर एक चिकटपट्टी असते, तिच्यावर फिकट रेघा. यंत्रातून नीट निघाला की रेघा काळ्या होतात. मग तो ट्रे थेट ऑपरेशनच्या टेबलापाशीच उघडायचा. मध्ये कुणी कापडाचं टोक उचलून नुसतं डोकावलं तरी तो बाद. पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि त्यात तीन तास जातात.

हे तिने मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मी म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे शंकेला जागाच नाही."

"बांधायच्या आधी हवी तेवढी. बांधल्यावर नाही," ती म्हणाली. "असं मोठ्या बाई म्हणतात."

मोठ्या बाई म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख. उंच होत्या. कपड्यांना सुरकुती नाही आणि बोलण्यालाही नाही, म्हणून माघारी सगळे त्यांना 'इस्त्री' म्हणायचे. भाची घरातसुद्धा कधी म्हणाली नाही. त्यांच्या हाताखाली तिने पंधरा वर्षं काढली. प्रत्येक ट्रेच्या चिठ्ठीवर दोन चौकटी असतात, 'बांधणार' आणि 'पाठवणार'. पहिलीत भाचीची सही, दुसरीत मोठ्या बाईंची. ट्रे गार झाले की मोठ्या बाई प्रत्येकावर तळहात सपाट ठेवायच्या, काळ्या रेघा बघायच्या, सही करायच्या आणि हळूच म्हणायच्या, "जा." कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. भाचीला ऐकू जायचं. त्या 'जा'वर तिचा दिवस तरून जायचा.

तर चौदा मार्चला तिने कपाचा कान या बाजूचा त्या बाजूला केला आणि सांगितलं, मोठ्या बाई चालल्या.

"चालल्या म्हणजे? बदली?"

"नाही. दुसऱ्या गावी नवं इस्पितळ निघालंय. तिथला विभाग उभा करायला बोलावलंय."

"मग चांगलंच आहे की."

"त्यांना चांगलं आहे."

"आणि इथे कोण येणार?"

कपाचा कान पुन्हा फिरला. "मी."

"अगं, मग तोंड असं काय केलंयस? घरावर दरोडा पडल्यासारखं!"

"तात्पुरतं आहे. तीस जूनपर्यंत. मग बघणार, मला ठेवायचं की बाहेरून कुणी आणायचं."

"बघणार कोण?"

"वरच्या मजल्यावरचे साहेब."

"त्यांना कात्री आणि चिमट्यातला फरक कळतो का?"

एरवी ती हसली असती. "कळत नाही, म्हणून तर भीती वाटते, आत्या," ती म्हणाली. "मोठ्या बाईंना कळायचं."

एकतीस मार्चला ती घरी आली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी विचारलं, कोण चाललंय? उत्तर आलं नाही. मग आतूनच विचारलं, काय म्हणाल्या जाताना? पंधरा वर्षांनंतर माणूस काहीतरी म्हणतंच.

"म्हणाल्या, दोन नंबरचं यंत्र सोमवारी दुरुस्तीला सांगितलंय, विसरू नकोस."

"आणि?"

"आणि गेल्या."

एप्रिलभर ती रोज दुपारी त्यांना फोन करत होती. या कात्रीच्या टोकावरचा डाग गंजाचा की पाण्याचा? अमक्या सर्जनच्या ट्रेमध्ये वाकडे चिमटे चार की पाच? उत्तरं तिला ठाऊक असायची. संध्याकाळी सांगायची, "मी म्हटलं तेच त्या म्हणाल्या." सांगताना चेहरा परीक्षेतून सुटलेल्या मुलीसारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा. सव्वीस एप्रिलला मोठ्या बाई म्हणाल्या, "हे बघ, कात्री तुझ्या हातात आहे. मला इथून फोनवर काय दिसणार? आता फोन करू नकोस."

"तोडून टाकलं, आत्या," भाची म्हणाली.

"त्यांनाही तिकडे काम असेल गं," मी म्हणाले. मला वाटलं मी समजूत घालते आहे.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी घासूमामा आले. हे त्या विभागातले हत्यारं धुणारे, नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेले. स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच घासूमामा ठेवलं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. भाची बाजारात गेलेली पाहूनच आले असावेत. चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "आत्याबाई, तुमची भिंगताई ट्रे उघडते."

"भिंगताई कोण?"

"आणखी कोण! भिंगाखालून मान वर काढेल तर शपथ. आधी मला वाटलं, नवा अंमल आहे, बसेल घडी. पण आता बांधलेले, शेकलेले, काळ्या रेघांचे ट्रे उघडते. आत सगळं जिथल्या तिथे असतं. मग पुन्हा माझ्याकडे धुवायला. मी एकच कात्री दिवसातून तीनदा धुतो. कात्रीसुद्धा म्हणत असेल, मामा, आता पुरे, सर्दी होईल."

"तुम्ही तिला सांगितलं नाही?"

"सांगितलं. म्हटलं, ताई, हे हात दाखवून अवलक्षण आहे. म्हणाली, मामा, एकदा खात्री करते. आणि दुसरं सांगू का? 'पाठवणार'च्या चौकटीत अजून मोठ्या बाईंचं नाव लिहिते, पुढे 'करिता' लिहून आपली सही करते. इस्त्री जाऊन दीड महिना झाला! मी म्हटलं, ताई, मग पगारही त्यांच्या करिताच घ्या."

ते गेल्यावर भाची आली. मी तिला विचारलं, पण ज्या शब्दांत विचारलं ते आज आठवून बरं वाटत नाही. मी म्हणाले, "तू नीट बघत जा, बाई. एकदा जास्त बघितलेलं कधीही बरं." असं मी तिला सतरा वर्षं सांगत आले होते, दुधाबद्दल, दाराबद्दल, बसच्या पासाबद्दल. जित्याची खोड, तोंडातून निघून गेलं. ती मान हलवून आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी बहुधा आणखी एक ट्रे उघडला.

सहा जूनला सकाळी साडेनऊला इस्पितळात अपघातात सापडलेला शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर आणला. बसमध्ये मुलं नव्हती, देवाची कृपा. त्याच्या पोटात रक्तस्राव होत होता. ऑपरेशन थिएटरने तळघरातून पोटाच्या ऑपरेशनचा मोठा ट्रे मागवला. असे ट्रे तीन आहेत. एक दुसऱ्या ऑपरेशनला गेला होता. उरलेले दोन आदल्या संध्याकाळी तयार होऊन कपाटात होते. सकाळी आठला भाचीला वाटलं, त्यातल्या एकात मोठी पकड उलटी ठेवली गेली असावी. तिने उघडला. पकड सुलटी होती. मग वाटलं, एकाबद्दल शंका आली तर दुसऱ्याची तरी काय खात्री? दुसराही उघडला. साडेनऊला दोन्ही यंत्रात होते, वाफ चालू होती, आणि चालू यंत्र मध्येच थांबवून उपयोग नसतो.

वरच्या बाळंतपणाच्या विभागातून एक ट्रे आणला, त्यात नव्हती ती हत्यारं इकडून तिकडून सुटी जमवली. वीस मिनिटं गेली. ड्रायव्हर वाचला. भाचीने मला हे आधी सांगितलं, कारण मी आधी तेच विचारलं असतं.

दुपारी थिएटरच्या मुख्य सिस्टर स्वतः तळघरात उतरल्या.

"माझे दोन ट्रे कुठे होते?"

"यंत्रात."

"काल संध्याकाळच्या यादीत तयार दाखवलेत."

"तयार होते."

"मग? ओले निघाले? रेघा काळ्या नव्हत्या?"

"होत्या. मी उघडले."

"का?"

"शंका आली."

"आणि आत काय निघालं?"

"काही नाही. सगळं बरोबर होतं."

सिस्टर म्हणाल्या, "बाई, वर माणूस टेबलावर होता. मी काय तुमच्या शंकेने टाके घालू?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाची म्हणाली. त्या हळू बोलल्या.

त्या संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. अक्षर नेहमीसारखं, एकही खाडाखोड नाही. 'मी या जबाबदारीस पात्र नाही. तीस जूनची वाट न पाहता दुसरी व्यवस्था व्हावी. मला माझ्या जुन्या जागेवर काम करू द्यावं.' ते माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "एकदा बघून दे. तुझी भाषा चांगली आहे." मी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. मग ती म्हणाली, "आणि अजून एक काम कर. मोठ्या बाईंनी माझे ट्रे परत केले की मी घरी येऊन सांगायचे, तू लिहायचीस. पंधरा वर्षांत किती परत केले ते मोज. मला पत्रात आकडा घालायचाय."

"आकडा कशाला?"

"म्हणजे साहेबांना कळेल की हे आजचं नाही."

मी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. म्हटलं, उद्या बघते.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी पलंगाखालची ट्रंक ओढली. गुडघे माझ्याशी भांडत होते, त्यांना गप्प केलं आणि जमिनीवर बसले. पहिल्या वर्षी अकरा ट्रे परत. दुसऱ्या वर्षी चार. पुढच्या तेरा वर्षांत मिळून सहा. एकूण एकवीस. मी कागदावर आकडा मांडला आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्या वहीत फक्त परत आलेले ट्रे आहेत. गेलेल्या ट्रेची एकही ओळ नाही. ज्या दिवशी सगळं सुरळीत झालं त्या दिवशी मी नासलेलं दूध लिहिलं, शिंपी लिहिला. सुरळीत झालं ते मला कधी 'घडलं' असं वाटलंच नव्हतं.

दिवसाला बारा-पंधरा ट्रे. पंधरा वर्षं. मी गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला.

वह्या लावताना दुसऱ्या ट्रंकेतली एक जुनी वही मध्ये आलेली दिसली. एकोणतीस वर्षांपूर्वीची. उघडली ती सहज. एका रविवारी मी लिहिलं होतं, 'भावाकडे गेले. मटार सोलले. भाचीचं गणित चुकलं. भावाने जेवणाआधी पुन्हा बसवलं. येताना छत्री विसरले.'

तो रविवार माझ्यासमोर जसाच्या तसा उभा राहिला. भाची नऊ वर्षांची, पाटी मांडीवर. भागाकार केला, बापाला दाखवला. भावाने पाहिला, ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाला, "पुन्हा कर. येत असेल तर पुन्हाही येईल." तिने केला. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा केला, तोही पुसला. चौथ्यांदा तिचा हात कापला आणि उत्तर चुकलं. भाऊ म्हणाला, "बघ. मला वाटलंच होतं." त्याचा स्वभाव वाईट नव्हता. आमच्या वडिलांनी त्याला असंच शिकवलं होतं. मी समोर मटार सोलत बसले होते. पहिली तिन्ही उत्तरं मी पाहिली होती, तिन्ही बरोबर होती. मी बोलले नाही. आणि घरी येऊन वहीत लिहिलं, 'भाचीचं गणित चुकलं.'

मी मदरचा नियम पाळला होता. घडलेलं लिहिलं होतं. पण चारांतलं एकच लिहिलं होतं.

आठ जूनला, गुरुवारी, ती आल्यावर मी तिच्यापुढे ती वही ठेवली. तिने वाचलं आणि म्हणाली, "हो. मला गणित यायचं नाही."

"यायचं."

"नाही, आत्या. मला आठवतं ना, बाबा किती वेळा करायला लावायचे."

"त्या दिवशी तीन वेळा तुझं बरोबर आलं होतं. तो पुसत होता. चौथ्या वेळी चुकलं. मी समोर होते."

"तीन वेळा बरोबर होतं?"

"होतं. मी पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "मटार सोलत होते."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. वही बंद केली, कडा बोटांनी सारख्या केल्या. मग म्हणाली, "म्हणजे मी तेच करते आहे. बरोबर असलेलं पुसते आहे." आणि थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, "मग तू रोज रात्री माझ्यामागून गॅस का बघतेस?"

सतरा वर्षं ती जेवणानंतर ओटा पुसते, दूध तापवते, गॅस बंद करते. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली की मी आत जाते आणि बटणावर बोट ठेवते. मला ते काळजीचं वाटायचं. आपण कुणामागून फडकं घेऊन फिरतो आहोत असं कधी वाटलं नव्हतं.

पुढचे चार दिवस मी सतरा वर्षांच्या वह्या चाळल्या. तिने गॅस चालू ठेवला असता तर मी लिहिलंच असतं, तसलं मी सोडत नाही. सहा हजारांच्या वर संध्याकाळी 'गॅस पाहिला' आहे. चालू सापडला असं एकदाही नाही. चार वर्षांपूर्वीची एक नोंद मात्र आहे. नवऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी — 'दूध करपलं. मी विसरले होते. भाचीने गॅस बंद केला.' पातेलं तिने घासलं होतं, आणि माझ्यामागून कधी स्वयंपाकघरात डोकावायला आली नव्हती.

मी तिला एकवीसचा आकडा दिला. बाकीच्या पानांचंही सांगितलं. पत्र मात्र न तपासता परत केलं. म्हटलं, "हे मी बघणार नाही. द्यायचं तर असंच दे. नाहीतर देऊ नकोस." तिने ते पर्समध्ये ठेवलं.

एका वहीने माणूस बदलत नाही. जूनमध्ये तिने आणखी दोन ट्रे उघडले, आणि मला ते तिनेच सांगितलं. मीही रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात जातच होते, पाणी प्यायच्या निमित्ताने. एकदा तिने विचारलं, "आत्या, आज फार तहान लागली आहे?" मी पेला तसाच ठेवून बाहेर आले.

वीस जूनच्या सुमारास तिने एक वही आणली, माझ्या वहीसारखीच, निळ्या पुठ्ठ्याची. ती विभागातल्या कपाटाला दोरीने बांधली. वर लिहिलं, 'बांधलेला ट्रे उघडण्याचं कारण.' खाली तीन कारणं: ओला, फाटका, रेघा काळ्या नाहीत. शेजारी दोन सह्यांची जागा. या तिन्हींपैकी कारण नसेल तर उघडायचा नाही. घासूमामांनी विचारलं, "ताई, 'मला वाटलं' हे कुठे लिहायचं?" ती म्हणाली, "ते देवाला सांगायचं, मामा." हे मामांनी मला येऊन सांगितलं. हे वाक्य कुठून आलं ते त्यांना माहीत नव्हतं.

तीस जूनला सकाळी ती पत्र पर्समध्ये घेऊनच गेली. मी गॅलरीतून पाहिलं, कोपऱ्यावर थांबून तिने पर्स उघडली आणि ते आहे ना ते बघितलं. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. वाटाणे भिजवले आणि नंतर पाहिलं तर ते हरभरे होते.

साडेपाचला आली. चहा प्यायली, संपूर्ण. मग सांगितलं.

साहेबांनी दुपारी तीनला बोलावलं होतं. त्याआधी दोनला थिएटरने पोटाचा मोठा ट्रे मागवला. ट्रे तयार होता, गार झाला होता. मामा गाडी घेऊन उभे होते. तिला पुन्हा तेच वाटलं, पकड उलटी आहे. वाटलं म्हणजे दिसलंच, असं ती म्हणाली, कापडातून आरपार. तिने कपाटाला बांधलेल्या वहीकडे पाहिलं. ट्रे ओला नव्हता. फाटला नव्हता. रेघा काळ्या होत्या. लिहायला काही नव्हतं.

"मग?"

"मग तळहात ठेवला. मामा बघत होते, पण छताकडे बघितल्यासारखं करत होते. 'पाठवणार'च्या चौकटीत माझी सही केली. नुसती."

"आणि 'जा' म्हणालीस?"

ती थोडी लाजली. "म्हणाले. मामा म्हणाले, काय, ताई? मी म्हटलं, काही नाही, गाडी ढकला." मग म्हणाली, "गाडी लिफ्टमध्ये जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. वरून फोन आला असता तर काय केलं असतं, माहीत नाही. फोन आला नाही."

तीनला ती साहेबांसमोर बसली. त्यांनी सहा जूनचं विचारलं. तिने जसं झालं तसं सांगितलं, वीस मिनिटांसकट, आणि निळ्या वहीचं सांगितलं. साहेब म्हणाले, थिएटरच्या सिस्टरनी तुमच्याविरुद्ध लिहून दिलं होतं, आज सकाळी त्यांनीच खाली एक ओळ वाढवली आहे, दोन आठवड्यांत एकही ट्रे उशिरा आला नाही म्हणून. मग विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? राहणार?"

"पत्र?" मी विचारलं.

"हात पर्सवर होता. मी म्हटलं, राहते." मग म्हणाली, "उद्या पुन्हा वाटेलच."

"वाटेल," मी म्हणाले.

तिने ते पत्र कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलं आहे. फाडलं नाही. मी विचारलंही नाही. तिने मोठ्या बाईंना चार ओळींचं एक कार्ड लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. तिने दाखवलंही नाही. जेवणं झाल्यावर तिने ओटा पुसला, दूध तापवलं, बाहेर आली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी टेबलापाशी बसून होते. स्वयंपाकघराचं दार माझ्यापासून सहा पावलांवर आहे. पाय जमिनीवर घट्ट धरून मी आतून विचारलं, "कोण चाललंय?"

"दोन मुली. एकीच्या चपलेचा अंगठा तुटलाय, दुसरी हसतेय."

मी वही ओढली आणि लिहिलं.

शुक्रवार, ३० जून. वाटाण्यांऐवजी हरभरे भिजले, तेच केले. खिडकीची खिट्टी सुताराने बसवली. भाचीला जागा कायम झाली. नळ, कडी पाहिली. गॅस तिने बंद केला.